श्यामलाबाईंचा नावडता शब्द

श्यामलाबाईंच्या मनातून माणूस उतरायचा तो त्याच्या बोलण्यावरून. कुणी थाप मारली तर त्या एक वेळ सोडून द्यायच्या, पण कुणी मोठा शब्द फुकट खर्च केला की संपलं. आपण उतरलो आहोत हे त्या माणसाला तिथल्या तिथं कळेल, याचीही बाई जातीनं काळजी घ्यायच्या. म्हणून गावात लोक त्यांच्याशी बोलताना आखूड वाक्यं बोलत आणि पटकन काढता पाय घेत.

गाव वेळवाडी. दिघीच्या जेट्टीवरून खाली समुद्राच्या कडेकडेनं आलं की नारळी-सुपारीच्या वाड्यांची रांग लागते, तिच्यातली शेवटून दुसरी वाडी बाईंची. बाईंची म्हणजे निम्मी बाईंची आणि निम्मी त्यांच्या थोरल्या भावाची, दादांची. दादा गेल्यावर ती निम्मी त्यांच्या मुलाकडे, अनीशकडे आली. बाई चौतीस वर्षं सकाळच्या एसटीनं म्हसळ्याला इंग्रजी शिकवायला गेल्या आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही याची गावात चार उत्तरं होती. बाईंचं स्वतःचं उत्तर असं, की बघायला आलेल्या तिघांपैकी एकालाही सुरू केलेलं वाक्य धड संपवता येत नव्हतं.

नववीच्या वर्गाला बाई दरवर्षी एक शब्द शिकवायच्या : ट्रान्सफॉर्मेशन. धड्यात तो असो की नसो. फळ्यावर एका बाजूला ‘चेंज’ लिहायच्या, दुसऱ्या बाजूला हा, आणि मध्ये खडूनं जाड रेघ ओढायच्या. “शर्ट बदललात, चेंज. केस कापलेत, चेंज. बाक इकडचं तिकडं ठेवलंत, चेंज. ट्रान्सफॉर्मेशन म्हणजे जे होतं ते उरतच नाही. त्याचं दुसरंच काहीतरी होऊन बसतं, आणि मागे फिरायला वाट नसते.” मग प्रत्येकानं दुसऱ्या दिवशी आपल्या घरातलं एक उदाहरण आणायचं. सुरवंटाचं फुलपाखरू आणायला बंदी, कारण ते पुस्तकात होतं, आणि पुस्तकातलं उदाहरण आणणारा बाईंच्या लेखी मठ्ठ. दुधाचं दही आणणाऱ्याला दहापैकी सात मिळत. एकानं पाण्याचं मीठ आणलं, तर बाईंनी त्याला पेलाभर पाण्यात मीठ टाकून ढवळायला लावलं, “आता काय झालं?” म्हणून विचारलं आणि खाली बसवलं. एका वर्षी तुळशी नावाची एक गप्प गप्प मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “माझी ताई. लग्नाच्या आधीची आणि आत्ताची.” वर्ग फिदीफिदी हसला. बाई हसल्या नाहीत. तिला त्यांनी दहापैकी दहा दिले, आणि चौतीस वर्षांत ते तेवढे एकदाच दिले.

शिकवायच्या उत्तम, यात वाद नाही. अजूनही म्हसळ्याच्या बाजारात पन्नाशीचे बाप्ये बाई दिसल्या की हातातली पिशवी सावरून उभे राहतात. आता तो आदर, की जुनी धास्ती, हे त्या बाप्यांनाच ठाऊक. बाई तो आदरच धरून चालत.

निवृत्तीनंतर बाईंना आराम मिळायला हवा होता, तर नेमका तोच शब्द त्यांच्या मागे लागला. म्हसळ्याच्या नाक्यावर एक पार्लर निघालं, त्याच्या पाटीवर ‘ट्रान्सफॉर्मेशन’. आत एक खुर्ची, एक पंखा आणि एक भुवया कोरणारी मुलगी. गावच्या शाळेच्या भिंतीवर आगगाडीचा डबा रंगवला, खिडक्यांतून डोकावणारी पोरं रंगवली, आणि शाळेचं ट्रान्सफॉर्मेशन झालं म्हणून जेवण घातलं. भिंत गळत होती ती गळतच राहिली, फक्त आता आगगाडी गळायला लागली. ग्रामपंचायतीचं डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन झालं, म्हणजे एक संगणक आला. त्याच्यावरचं प्लॅस्टिक धूळ बसू नये म्हणून सरपंच गणराजनं काढूच दिलं नाही. पण त्याच्या शेजारी उभं राहून त्यानं फोटो काढला आणि तो मोठा करून बाहेर लावला. बाई त्या फोटोखाली उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, “पी हळद नि हो गोरी!” गणराज आतच होता. त्यानं ऐकलं आणि बाहेर आलाच नाही.

इथवर सगळं गमतीचं होतं. कुणाच्या अडाणीपणानं कुणाचं झाड पडत नव्हतं.

वाडी बघायचा तो बाळाजी. म्हसळ्याच्या आतल्या बाजूच्या एका भातशेतीच्या गावातला हा माणूस ऐन विशीत बायकोला, काशीला, घेऊन वाडीत राहायला आला आणि इथलाच झाला. बोलायला कमी, पण सुपारीवर चढला की बघत राहावं. पायात दोरीचा वेढा अडकवून सरसर वर जायचा, घड उतरवायचा, मग खाली न येता वरच्या वर झाडाला झोका देऊन शेजारची सुपारी धरायचा. एका दमात दहा-बारा झाडं, जमिनीला पाय न लावता. बाईंना त्याच्यात काही खोट काढता येत नव्हती, कारण तो वाक्यंच फार बोलत नसे.

दोन हजार वीसच्या जूनमधलं चक्रीवादळ या किनाऱ्यानं पाहिलंय, त्याचं वर्णन नको. बाईंच्या वाडीतली पूर्वेकडची निम्मी सुपारी त्या एका दुपारी आडवी झाली. उरली ती पश्चिमेकडची, आणि तीसुद्धा उरली ती समुद्राच्या अंगाला उंडी, रायवळ आंबा आणि दोन फणस अशी जी जुनी दाट रांग होती, तिच्या आडोशानं. बाळाजीनं पडलेली झाडं उपसली आणि केळीच्या सावलीत तीनशे रोपं लावली. सुपारीचं झाड फार नाजूक जातीचं असतं. डोक्यावर ऊन चालतं, पण अंगावर तिरकं ऊन आलं की साल भाजते, भाजली की तडकते आणि तडकलं झाड वाऱ्याला मोडतं. म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या झाडांना हात लावायचा नाही, हे या किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बाळाजीची रोपं पाचव्या वर्षात आली, पुरुषभर उंचीची झाली. आणखी दोन वर्षांत ती फळ धरणार होती. बाळाजी संध्याकाळी त्यांच्यामधून फिरायचा आणि एकेकाच्या अंगावरून हात फिरवायचा. बाईंना ते दिसायचं. त्याबद्दल त्या कुणाशी बोलल्या नाहीत, पण मनातून त्यांना तो माणूस आवडायचा.

आणि मग अनीश आला. अनीश चाळिशीचा, राहायला पुण्यात. आधी हॉटेल मॅनेजमेंट, मग गिटार, मग मधमाश्या, मग काही महिने सेंद्रिय गूळ. मधमाश्या पेटी सोडून गेल्या, गुळाला बुरशी आली, गिटार दिवाणाखाली. हाती घेतलेली एक गोष्ट त्यानं शेवटाला नेली असेल तर शपथ. आता तो ट्रान्सफॉर्मेशन कोच झाला होता. म्हणजे काय, तर शहरातली वीस-बावीस खातीपिती माणसं तीन दिवस एका जागी आणायची, त्यांचे फोन टोपलीत जमा करायचे, त्यांना चटईवर बसवायचं, डोळे मिटायला सांगायचं, त्यांच्या बापाविषयी विचारायचं, म्हणजे ती रडतात. तिसऱ्या दिवशी ती बदलून घरी जातात. “तीन दिवसांत लिंबाचं लोणचं मुरत नाही रे,” बाई म्हणाल्या. अनीश हसला. त्याला आत्याच्या बोलण्याची सवय होती आणि त्याची कातडी जाड होती. कोच व्हायला ती लागत असावी.

त्याला वाडीत हे रडण्याचं केंद्र काढायचं होतं. चटया अंथरायला एक मांडव, राहायला आठ खोल्या, आणि मांडवातून समोर समुद्र दिसायला हवा. त्याला आत्याची सही हवी होती.

दिवाळीनंतर सगळं बोलायला बसायचं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी बाळाजी पायरीशी येऊन उभा राहिला. बाई ओटीवर बसून वर्तमानपत्रातल्या चुकांवर खुणा करत होत्या.

“बाई, येक सांगायचं व्हतं.”

“सांग.”

“अनीशदादा पच्छिमेची झाडं तोडायची म्हनतायत. काल मापं घेत व्हते. दर्या दिसला पायजे म्हनं.”

“तो काय मापं घेईल! त्यानं मधमाश्यांच्या पेट्यांचीही घेतली होती.”

“तसं न्हाय बाई, खरंच तोडतील. मग सुपारी ऱ्हायाची न्हाय. माजी बारकी झाडं तर उभी भाजतील. मी सांगितलं तर त्यांना पटायचं न्हाय, मला त्यांच्यासारखं बोलता येत न्हाय. तुमी सांगा. तुमचं ऐकतील.”

“सांगते,” बाई म्हणाल्या. “उद्या सगळ्यांसमोर सांगते. जा तू.”

आणि त्यांना खरंच सांगायचं होतं, हे इथं लिहून ठेवायला हवं. त्या रात्रीचं जेवण होईपर्यंत त्यांनी वाक्यंही मनात जुळवली होती.

दुसऱ्या दिवशी ओटीवर मंडळी जमली. अनीश, त्याची बायको वल्लरी, सरपंच गणराज, आणि बाई. अनीशनं भिंतीवर पांढरी चादर टांगली आणि तिच्यावर चित्रं पाडायला सुरुवात केली. पहिल्याच चित्रात उगवता सूर्य होता, पश्चिमेच्या समुद्रातून उगवणारा. बाईंनी तिथंच एक सुस्कारा टाकला. वल्लरी हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तशी सगळ्यांशी बोलत होती. “आत्या, आपल्याला फक्त बिझनेस नाही करायचा. इथे येणारा प्रत्येक जण आतून ट्रान्सफॉर्म होणार. आणि वाडीसुद्धा ट्रान्सफॉर्म होणार.”

“थांब,” बाई म्हणाल्या. “ट्रान्सफॉर्म म्हणजे काय?”

“म्हणजे... एकदम पॉझिटिव्ह असा शिफ्ट.”

“शिफ्ट म्हणजे काय?”

वल्लरीनं नवऱ्याकडे पाहिलं. अनीश म्हणाला, “आत्या, म्हणजे बघ, सुरवंटाचं जसं...”

सुरवंटाचं नाव काढलं आणि बाईंचे डोळे चमकले. चौतीस वर्षांचा खडू त्यांच्या हातात परत आला. त्यांनी चष्मा पुसला, पदर खोचला आणि सुरुवात केली. सुरवंटाचं पुढं काय होतं माहीत आहे का? कोशात गेल्यावर त्याचं पार पाणी होतं, हे वाचलंयस का कधी? तुझ्याकडे येणाऱ्यांचं पाणी होणार आहे का? ती तीन दिवसांनी घरी जाऊन त्याच सासूशी त्याच शब्दांत भांडणार ना? मग त्याला म्हणतात चेंज ऑफ एअर. हवापालट! पूर्वी लोक त्यासाठी माथेरानला जायचे आणि रडायचे पैसे देत नव्हते. गणराज तोंडावर रुमाल धरून हसत होता, तर बाईंनी त्यालाही सोडलं नाही : “तू हसू नकोस. तुझ्या संगणकाचं प्लॅस्टिक निघालं का?” वल्लरी लाल झाली. अनीश हसत राहिला, मग हसायचा थांबला. बाईंनी त्याला गिटारापासून गुळापर्यंत सगळं क्रमानं विचारलं, प्रत्येक ठिकाणी “मग ते ट्रान्सफॉर्मेशन होतं का?” असं विचारून उत्तरासाठी थांबल्या, आणि प्रत्येक वेळी त्याला “नाही” म्हणायला लावलं. तास दीड तास हे चाललं. इतकं तोंडसुख बाईंना निवृत्तीनंतर लाभलं नव्हतं.

बाळाजी सगळा वेळ दारात उभा होता. हातात शहाळ्यांचं ताट. त्याच्याकडे बाईंचं लक्ष दोनदा गेलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी त्याला हातानंच ‘थांब’ म्हणून खूण केली.

शेवटी अनीश म्हणाला, “आत्या, मान्य. सगळं मान्य. तू शब्दांचं बघ, बाकीचं आम्ही बघतो. सही तेवढी कर.” आणि त्यानं कागद पुढे सरकवले.

बाईंनी लाल पेन उघडलं. वाचल्याशिवाय सही करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी पहिल्या पानापासून कागद तपासायला घेतला, वही तपासावी तसा. दोन ठिकाणी क्रियापद चुकलं होतं, ते सुधारलं. सहाव्या कलमात लिहिलं होतं : वाडीच्या पश्चिम बाजूचं संपूर्ण ट्रान्सफॉर्मेशन. बाई हसल्या. हा पोरगा काय संपूर्ण करणार! चार फांद्या छाटेल, दमेल, आणि फोटो काढून पुण्याला जाईल. त्यांनी तो शब्द आडव्या रेघेनं खोडला, वर ‘चेंज’ असं लिहिलं, शेजारी आपली आद्याक्षरं घातली आणि खाली सही केली. “आयुष्यात एकदा तरी बरोबर शब्द वापर,” म्हणून कागद त्याच्याकडे भिरकावला.

झाडांचं सांगायचं राहिलं. त्या विसरल्या असं नाही. आत जाताना त्यांना आठवलं होतं. पण त्यांना वाटलं, आज जिंकलोय ते जिंकलोय, त्यात आता झाडाफांद्यांची विनवणी कुठं घालायची. उद्या सांगू. अनीशच्या हातून तसंही काय होतंय. दुसऱ्या दिवशी वल्लरी तोंड फुगवून बसली होती, तर बाईही फुगून बसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी करवतीचं यंत्र सुरू झालं.

बाई अंगणातून धावत गेल्या तेव्हा दोन्ही फणस पडले होते आणि तिसऱ्या उंडीच्या बुंध्यात पातं होतं. अनीशनं, ज्यानं जन्मात काही शेवटाला नेलं नव्हतं, त्यानं या वेळी दिघीकडची पाच माणसं आणि दोन यंत्रं बोलावली होती आणि दुपारी जेवायच्या आत रांग संपवायची ठरवली होती. बाई ओरडल्या. यंत्रापुढे कुणाला ऐकू येणार? त्यांनी अनीशचा दंड धरला, तेव्हा त्यानं यंत्र थांबवायला लावलं आणि अगदी शांतपणे, रागावून नव्हे, म्हणाला, “आत्या, सहावं कलम. तू स्वतः वाचलंस. दुरुस्तसुद्धा केलंस.”

“अरे, सुपारी मरेल!”

“मग तेव्हा का नाही बोललीस? दीड तास बोलत होतीस की.”

चौतीस वर्षं ज्या शब्दासाठी त्यांनी पोरांची हाडं सैल केली, तो शब्द या गावात एकदाच, एकाच ठिकाणी, एका दीडशहाण्यानं अजाणता बरोबर वापरला होता, आणि तो नेमका त्यांनी खोडला होता. दुपारपर्यंत समुद्र दिसायला लागला. वल्लरीनं हात जोडून डोळे मिटले आणि गणराजनं फोटो काढला.

पुढचं सगळं बाळाजीनं सांगितलं होतं तसंच झालं, फक्त थोडं लवकर. संक्रांतीच्या सुमाराला सुपारीच्या अंगावर समुद्राच्या बाजूनं पिवळे डाग पडले. होळीपर्यंत त्यांचा तांब्याचा रंग झाला. बाळाजीनं जुन्या झाडांना चुना फासला आणि बारक्या झाडांना झावळ्या गुंडाळल्या, तीनशे झाडांना, एकेक करून. बाई त्याच्याबरोबर जाऊ लागल्या. तो झावळी धरायचा आणि बाई सुंभ बांधायच्या. अडुसष्टाव्या वर्षी त्यांच्या बोटांना फोड आले. बाळाजी “जरा घट” किंवा “सैल” एवढंच बोलायचा. शहरातली मंडळी आली ती याच दिवसांत. त्यांना चुना लावलेली खोडं फारच आवडली. खोडांना पाठ टेकून त्यांनी फोटो काढले, आणि पाठीला लागलेला चुना बघून एकमेकांना टाळ्या दिल्या. मांडवातून रडण्याचे आवाज यायचे. अनीशचा धंदा उत्तम चालला होता, ही बाईंना आणखी एक शिक्षा.

पावसाळ्यात वारं लागलं आणि भाजलेली झाडं मोडायला लागली. कडाक असा आवाज यायचा, मग थोडा वेळ काही नाही, मग आणखी एक. बाळाजी आता एका झाडावरून दुसऱ्यावर झोका घेत नव्हता. कुठलं झाड आतून गेलंय ते बाहेरून कळत नव्हतं. एक झाड चढायचा, उतरायचा, दुसऱ्याला हातानं ठोकून बघायचा, मग चढायचा, नाहीतर मान हलवून पुढं जायचा. तो उतरेपर्यंत काशी खाली उभी राहून वर बघत राहायची. बारक्या झाडांतली गणपतीपर्यंत साठ-सत्तर उरली, आणि तीही वाकडी.

दसरा झाल्यावर एका सकाळी बाळाजी पायरीशी येऊन उभा राहिला. अंगात धुतलेला सदरा होता. काशी मागे फाटकाशी, हातात गाठोडं घेऊन.

“बाई, येतो आमी. गावाला जातो. भावाची शेती हाय, तितं बगतो काय जमतंय ते.”

बाई खुर्चीतून उठल्या. वर्षभर त्यांनी हे वाक्य तयार ठेवलं होतं आणि वर्षभर ते त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. आता निघालं. “बाळाजी, माझं चुकलं. तू मला सांगितलं होतंस. मी सांगते म्हणाले आणि सांगितलं नाही. तुझी झाडं माझ्यामुळं गेली.”

बाळाजीनं खाली बघत पायरीवरची वाळकी पानं पायानं बाजूला सारली.

“तू तरी त्या दिवशी मध्ये का बोलला नाहीस रे? दारातच उभा होतास. एकदा हाक मारायचीस मला.”

“मारनार व्हतो,” तो म्हणाला. “दोनदा पुडं झालो व्हतो. तुमी हात केलात.”

“तरी बोलायचंस!”

त्यानं पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि बाईंना तो असता तर बरं वाटलं असतं.

“तुमाला लई बरं वाटत व्हतं, बाई,” तो म्हणाला. “त्यांना बोलताना. तुमचं तोंड कसं पोरीसारकं झालं व्हतं. मला वाटलं, व्हईल येवड्यात, मग सांगतील. म्हनून ऱ्हायलो उबा.”

फाटकाशी काशीनं गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं.

“चहा तरी घेऊन जा,” बाई म्हणाल्या.

“नको बाई. गाडी चुकंल.”

तो वाकून नमस्कार करून निघाला. म्हसळ्याची गाडी यायला अजून दीड तास होता, हे त्यालाही माहीत होतं आणि त्यांनाही.